औषध दिल्यानंतरचे दिवस

आमची दूध संस्था जुनी आहे, फलटण तालुक्यातल्या एका गावातली. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं, बल्क कूलरमध्ये 4 अंशांपर्यंत थंड होतं आणि टँकर घेऊन जातो. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), पाणी, साखर, युरिया एवढ्या तपासण्या सगळ्यांना पाठ होत्या. नंतर संस्थेने दही आणि चीज करणाऱ्या एका प्रकल्पाशी करार केला आणि त्यात एक नवी अट आली: दुधात प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा अंश सापडला तर अख्खा टँकर परत, आणि नुकसान संस्थेचं. मी तेव्हा महिला राखीव जागेवर संचालक होते आणि घरी गाईही सांभाळत होते. त्यामुळे ही अट मला दोन्ही बाजूंनी भोगावी लागली. ठराव करणाऱ्यांतही मी होते आणि दूध ओतून टाकणाऱ्यांतही.

पहिला टँकर परत आला तो भर पावसाळ्यात. पावसाळ्यात गोठे ओले असतात, चिखल असतो, गाई ओल्यात बसतात आणि दगडीचे आजार वाढतात. गाईची कास सुजते तो हा आजार; कासदाह, मस्टायटिस, काहीही म्हणा, गावात सगळे दगडीच म्हणतात. त्या आठवड्यात बऱ्याच गोठ्यांत इंजेक्शनं झाली होती. दूध कुणाचं होतं हे शोधायला दुसऱ्या दिवशीच्या संकलनात दहा-दहा जणांचे नमुने एकत्र करून तपासले. ज्या गटात दोष दिसला, त्यातले नमुने मग एकेक करून पाहिले. एवढा खटाटोप अशासाठी की तपासणीची पट्टी स्वस्त नसते, प्रत्येकाला एक वापरणं परवडत नाही. शोध येऊन थांबला तो दोन गाई असलेल्या एका म्हाताऱ्या आबांपाशी.

सभेत आबांना उभं केलं तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरनं सुई टोचली, पैसं घेतलं, गेला. दूध घालू नगा आसं कुणी म्हनलं आसतं तर म्या घातलं आसतं व्हय?" सभा गप्प झाली, कारण खरंच कुणी म्हटलं नव्हतं. सुई टोचणारा बोलला नव्हता. औषध विकणारा मेडिकलवाला बोलला नव्हता. आणि संस्थेनेसुद्धा कराराची अट कपाटात ठेवली होती, फळ्यावर लिहिली नव्हती. दंड लावायचा, दूध बंद करायचं, अशी भाषा चालली होती. मी त्याला विरोध केला. ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला दंड केला, तर पुढच्या वेळी सगळेच लपवतील, हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं.

मग संस्थेने पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर, तरुण बाई, बोलायला सरळ. त्यांनी औषधाची रिकामी खोकी आणायला सांगितली होती, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक देऊन वाचायला लावलं. छोट्या अक्षरांत 'विथड्रॉवल पिरियड' असं काहीतरी होतं, ते आधी कुणीच वाचलेलं नव्हतं. शेवटचा डोस दिल्यापासून इतके तास किंवा इतके दिवस त्या जनावराचं दूध विकायचं नाही, असा तो काळ. 2012 पासून औषध नियमांत हे लेबलवर छापणं सक्तीचं आहे. आणि एखाद्या औषधाचा काळ त्या जनावरासाठी ठरवलेला नसेल, तर दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे, मांसासाठी 28. हे 7 दिवस आम्ही पुढे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

एका गोष्टीवर डॉक्टर पुन्हा पुन्हा येत होत्या. मोजायला सुरुवात शेवटच्या डोसपासून करायची, पहिल्यापासून नाही. गावात बहुतेकांचा हिशोब नेमका उलटा होता. सोमवारी सडात सोडायच्या औषधाची पहिली ट्यूब, बुधवारी तिसरी, आणि मोजणी सोमवारपासून. आणि गाय बरी दिसणं म्हणजे दूध शुद्ध होणं नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. सूज उतरते, गाठी जातात, दूध पांढरंशुभ्र दिसतं, आणि औषध अजून त्यात असतं.

एका काकांनी विचारलं, "एवढ्या हजार लिटरात एका गाईचं दूध, काय कळणार आहे?" डॉक्टरांनी खडू घेऊन गणित मांडलं. पेनिसिलिनची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची मर्यादा दुधात किलोला 4 मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी भागांत 4 भाग. हजार लिटरच्या कूलरमध्ये मर्यादा गाठायला साधारण 4 मिलिग्रॅम पुरेत. आणि पेनिसिलिनच्या 40 लाख युनिटच्या एका इंजेक्शनात ते असतं जवळजवळ 2,400 मिलिग्रॅम. त्यातला थोडाच अंश दुधात उतरतो, पण लागतंच किती थोडं! काकांनी ते आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले.

उकळल्याने जातं का, हा प्रश्न बायकांनी विचारला. नाही. बहुतेक प्रतिजैविकं उकळीला दाद देत नाहीत, पाश्चरायझेशनलाही नाही. घरात याची खूण असते ती विरजणात. पेनिसिलिनच्या जातीचं औषध असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जिवाणू त्या औषधाने मरतात. म्हणून दही-चीजवाल्यांना ते आधी कळतं. पण दही लागलं म्हणून दूध निर्धोक, असं मात्र म्हणता येत नाही. विरजणाला न अडवणारी औषधंही आहेत. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे अशा माणसाला या अंशाचाही त्रास होऊ शकतो. आणि थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं तर औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार व्हायला मदत होते. मग खऱ्या आजारात तेच औषध चालत नाही, गाईला नाही आणि माणसालाही नाही.

हे सगळं ऐकणं सोपं होतं. आमच्या घरी प्रसंग आला तो चंद्रीच्या रूपाने.

चंद्री आमची सर्वांत जास्त दुधाची एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन जातीची गाय. वेत झाल्यावर काही आठवड्यांनी तिच्या मागच्या उजव्या सडाला सूज आली, कास गरम लागायला लागली, धारेत गाठी. मी आधी सीएमटी, म्हणजे दगडी ओळखायची गोठ्यातच होणारी चाचणी, करून पाहिली. चार वाट्यांची प्लॅस्टिकची तबकडी असते, प्रत्येक वाटीत एकेका सडाचं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच द्रावण घालायचं आणि गोल गोल फिरवायचं. तीन वाट्या पातळ राहिल्या, चौथी शेंबडासारखी घट्ट झाली. ताप होता, तिने वैरणही टाकली होती. डॉक्टर आल्या. औषध सोडण्याआधी त्यांनी त्या सडाचं दूध निर्जंतुक बाटलीत घेतलं, प्रयोगशाळेत पाठवायला. आपल्याकडे हे फार कमी गोठ्यांत होतं. कुठला जिवाणू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे कळलं तर औषधं बदलत बसावी लागत नाहीत. औषध जितक्या वेळा बदलेल, तितके दूध थांबवण्याचे दिवसही लांबत जातात.

मग सड रिकामा करून, स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसून ट्यूब सोडली आणि तापासाठी व संसर्गासाठी इंजेक्शनं दिली. जाण्याआधी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. आम्ही संस्थेत ठरवलेल्या नमुन्याची: गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक, औषधाचं नाव, डोस, दिल्याची तारीख आणि वेळ, आणि शेवटी रिकामी जागा, 'या तारखेच्या या धारेपर्यंत दूध घालू नये'. ही शेवटची ओळ शेवटच्या डोसच्या दिवशी भरायची. ट्यूबच्या खोक्यावर 72 तास होते. एका इंजेक्शनवर दुधाचा काळ दिलेलाच नव्हता. तिथे 7 दिवसांचा नियम लागला, आणि दोन्हींतला जो मोठा तो धरायचा. म्हणजे ट्यूबचे तीन दिवस मोजून मोकळं होता आलं नाही.

त्याच संध्याकाळी चंद्रीच्या मागच्या दोन्ही पायांत लाल पट्ट्या बांधल्या. पट्टी पायातच हवी, आणि मागच्याच, कारण धार काढणाऱ्याची नजर तिथेच जाते. गळ्यातली दोरी किंवा फळ्यावरचं नाव पुरत नाही. आमच्याकडे सकाळची धार मी काढते, संध्याकाळची कधी दीर, कधी कामाचा माणूस. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, पण अडीअडचणीला त्याही बसतात. गावात पुढे जेवढ्या घटना आम्ही तपासल्या, त्यातल्या बऱ्याच अशाच होत्या. औषध दिलं एकाने, धार काढली दुसऱ्याने, आणि मध्ये कुणी कुणाला सांगितलं नाही. लाल पट्टी सगळ्यांनाच वाचता येते.

चंद्रीची धार सर्वांत शेवटी, वेगळ्या बादलीत, हाताने. मशीन लावायचं नाही, कारण मशीनच्या रबरात आणि नळीत राहिलेलं दूध पुढच्या गाईच्या दुधात जातं. आणि चारही सडांचं दूध वेगळं काढायचं. यावरून घरात पहिला वाद झाला. दीर म्हणाले, "वहिनी, एकाच सडाला झालंय, बाकी तिन्हीचं तर चांगलंय." पण सडात सोडलेलं औषध रक्तात उतरतं आणि रक्तातून बाकीच्या सडांतही येतं, आणि इंजेक्शन तर मुळातच सगळ्या अंगात जातं. तिन्ही चांगल्या सडांचं दूधही थांबवायलाच लागतं.

दुसरा वाद जास्त खोल होता. सासूबाईंनी आयुष्यभर गाई राखल्या. दुष्काळात छावणीवर जनावरं नेऊन जगवलेली ती बाई. बादलीभर दूध मी खड्ड्याकडे न्यायला लागले तेव्हा त्या वाटेत उभ्या राहिल्या. "अगं, अन्न हाय ते. मातीत वतायचं? वासराला तरी पाज." वासराला पाजू नये याचं कारण मी त्यांना समजावलं. त्या दुधातल्या थोड्या थोड्या औषधाने वासराच्या पोटातले जिवाणू औषधाला सरावतात, आणि उद्या त्याला हगवण लागली तर औषध चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा बदलला नाही, आणि मला त्यांचं वाईट वाटणं चुकीचं वाटत नाही. पहाटे उठून, वैरण कापून, शेण काढून मिळालेलं दूध मातीत घालताना ज्याला काही वाटत नाही, त्याने गाई पाळू नयेत.

कुठे ओतायचं तेही आम्हाला शिकायला लागलं. विहिरीजवळ, ओढ्याकडे नाही. गोबर गॅसच्या टाकीतही नाही, कारण तिथलं काम करणारेही जिवाणूच, औषधाने तेही मंदावतात. आम्ही बांधाच्या कडेला, बोअरपासून लांब एक खड्डा घेतला, शेण-माती टाकून बुजवत राहिलो.

मुदत संपली तेव्हा चंद्रीचा नमुना संस्थेत नेला. तपासणीच्या पट्टीची परीक्षा वाचताना सुरुवातीला सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण ती उलटी असते. दुधात औषध असेल तर रेघ उमटत नाही किंवा फिकी येते. रेघ ठळक आली तर दूध स्वच्छ. कंट्रोलची रेघ, म्हणजे पट्टी चालते की नाही हे दाखवणारी, आली नाही तर ती पट्टीच बाद. चंद्रीच्या रेघा ठळक आल्या आणि तिचं दूध पुन्हा कॅनमध्ये गेलं. पण मी तेव्हा सचिवांना म्हटलं आणि आजही म्हणते, पट्टीवर विसंबू नका. पट्टी ज्या औषधांच्या गटांसाठी बनवली असेल तेवढेच तिला दिसतात. आमच्याकडची पट्टी पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनच्या गटांची आहे. गावात सर्रास टोचलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन हे वेगळ्या गटातलं प्रतिजैविक तिला दिसतच नाही. गोचिडांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनही नाही, आणि ते तर दुधात बराच काळ येत राहतं, दुभत्या गाईला देऊच नये असं ते औषध. गर्भाशयात सोडलेल्या औषधाचंही तसंच, लोकांना वाटतं त्याचा कासेशी काय संबंध. म्हणून कुठल्या गाईला कुठलं औषध कधी दिलं हे लिहिलेली वही महत्त्वाची. पट्टी एक प्रश्न विचारते, वही सगळी औषधं सांगते.

भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली देशभर दुधाचे 6,432 नमुने तपासले होते. त्यांतल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली, म्हणजे 1.2 टक्के. काहींना हा आकडा ऐकून हायसं वाटतं. मला वाटत नाही. बाजारातलं दूध अनेक गोठ्यांचं एकत्र झालेलं असतं. एवढं पातळ होऊनही जिथे मर्यादा ओलांडली गेली, तिथे मूळ गोठ्यात काय असेल?

सगळ्यात अवघड ठराव पैशाचा होता. चंद्री तेव्हा दिवसाला 18 लिटर देत होती, भाव लिटरला 33 रुपये. रोजचे जवळजवळ 600 रुपये खड्ड्यात, वर डॉक्टर आणि औषधं. आमच्याकडे बऱ्याच गाई आहेत, आम्ही झेललं. पण ज्या आबांच्या दोन गाई आहेत आणि त्यातली एक आटलेली आहे, त्यांच्या दहा दिवसांच्या बिलातून काय उरणार? त्याच बिलातून पेंडीची उधारी कापली जाते. अशा माणसाला 'दूध ओता' असं सांगणं आणि त्याला एकटं सोडणं मला अन्याय वाटतो. खूप वादावादीनंतर ठरलं की जो चिठ्ठी दाखवून स्वतःहून दूध थांबवेल, त्याला थांबवलेल्या दिवसांचे अर्धे पैसे संस्था देईल. त्यासाठी सगळ्यांच्या लिटरमागे काही पैसे बाजूला काढायचे. "ज्याच्या गाई आजारी पडत नाहीत त्याने का भरायचं?" असं मोठे गोठेवाले म्हणाले. त्यावर आमच्या चेअरमननी परत आलेल्या टँकरचं बिल टेबलावर ठेवलं आणि सभासदांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं असतं ते वाचून दाखवलं. ठराव पास झाला. त्यानंतर चिठ्ठ्या यायला लागल्या. आधी कुणाच्याच गाई आजारी पडत नव्हत्या, असा आमचा कागद सांगत होता. ठरावानंतर रजिस्टर भरायला लागलं. आजार वाढला नव्हता, लोक सांगायला लागले होते.

औषध कमी लागावं यासाठी जे केलं ते साधं आहे, पण रोज करायला लागतं. धारेआधी सड धुऊन कोरडे करायचे, आणि प्रत्येक गाईला वेगळं फडकं. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून बघायच्या. धारेनंतर लगेच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, आणि पुढे गव्हाणीत मूरघास टाकून गाईला अर्धा तास उभी ठेवायची, कारण धारेनंतर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. आमच्या तालुक्यात मुक्तगोठे बरेच झाले आहेत. त्यात बसायची जागा कोरडी राहिली तर फरक पडतो, आणि चिखल झाला तर बांधलेल्या गोठ्यापेक्षा वाईट. गाय आटवताना सोडायची ट्यूब वेगळी असते, जास्त काळ टिकणारी. तिचं खोकं मी जपून ठेवते आणि तारीख वहीत लिहिते, कारण गाय अपेक्षेआधी व्याली तर चिकाचं आणि पुढचं दूधही त्या तारखेपासून मोजायला लागतं.

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप आम्ही वापरतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेलं प्रमाण आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम, वाटून, पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा कासेला लावायचा. सीएमटीत थोडं घट्ट आलं, पण ताप नाही, खाणं-पिणं नीट आहे, अशा वेळी आमच्या गाईंना याने गुण आला आणि ट्यूब वाचली. पण चंद्रीसारखा ताप चढलेली गाय असेल तर मी लेपावर थांबत नाही. औषध वाचवण्याच्या नादात गाईचा सड कायमचा जाऊ द्यायचा, याला मी शहाणपण म्हणत नाही. औषध वाईट नाही. ते चिठ्ठीशिवाय, अंदाजाने, शेजाऱ्याची उरलेली ट्यूब म्हणून दिलं जातं, ते वाईट. प्रतिजैविकं चिठ्ठीवरच द्यायची असा कायदा आहे, आणि मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवायही मिळतात, हेही आम्ही रोज बघतो.

आता अडलं आहे ते गावाच्या वेशीवर. तिथे एका खाजगी गवळ्याचं संकलन आहे, जो काहीच विचारत नाही आणि रोख देतो. आमच्या संस्थेत लाल पट्टीच्या गाईचं दूध चालत नाही म्हटल्यावर काही जण त्या दिवसांत कॅन तिकडे नेतात. अर्धे पैसे संस्थेकडून घेऊन पूर्ण पैसे तिकडून घेतलेला एक जण सापडला, त्याची भरपाई आम्ही बंद केली. पण ते दूध तर गेलंच, कुठल्या तरी शहरातल्या चहात, कुठल्या तरी बाळाच्या बाटलीत. एका संस्थेने नियम पाळून ते थांबत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक संकलन केंद्रावर, खाजगी असो की सहकारी, तपासणीची पट्टी आणि औषधाची चिठ्ठी दोन्ही सक्तीच्या कराव्यात, असा अर्ज आम्ही संचालकांच्या सह्यांनी अन्न व औषध प्रशासनाकडे केला आहे, आणि शेजारच्या गावांतल्या संस्थांनाही तो पाठवला आहे. त्यातल्या काहींनी सह्या करून परत पाठवला. बाकीच्यांकडे मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे, चंद्रीची चिठ्ठी आणि टँकरचं बिल घेऊन.